दोनशे चौदा दाणे

पातेल्यात दोनशे चौदा दाणे होते. अकरांना मोड आले होते, नऊ काळे पडून पिचपिचीत झाले होते आणि उरलेले एकशे चौऱ्याण्णव नुसते फुगून बसले होते. मी दोनदा मोजले.

“अगं, वाल मोजून कोण शिजवतं?” नूपुरताई खुर्चीत मागे रेलून, पोटावर हात ठेवून हसत होती. “माणशी मूठ धरायची, झालं.”

“पाच टक्के,” मी म्हटलं. “भिजवून, फडक्यात बांधून अठ्ठेचाळीस तास झाले, तरी पाचच टक्के मोड.”

“थंडी बघ ना बाहेर. मलाच सकाळी अंथरुणातून उठवत नाही, ते बिचारे काय मोड काढणार?”

“आणि कडेची पांढरी रेघ नाही यांना. आपल्या वालांना कशी ठसठशीत असते.”

“जात वेगळी असेल. मृणू, तू चव बघितलीस ना?”

“बघितली. कडू आहेत.”

“मग खरे आहेत,” ती म्हणाली आणि पातेलं स्वतःकडे ओढून तिने पहिला दाणा चिमटीत धरला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. रोह्याहून निघून, रसायनशास्त्रातली एम.एस्सी. खांद्यावर टाकून, जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी संशोधनाला येऊन मला चार महिने झाले होते. नूपुरताई गुप्ते माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. ती अलिबागजवळच्या नागावची. तिचा नवरा कौस्तुभदादा यंत्रांच्या कारखान्यात होता आणि त्या आठवड्यात कामासाठी उत्तरेला गेला होता. नूपुरताईला एकतिसावा आठवडा चालू होता. याआधी तिची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिने मला एकदाच, कपडे वाळत घालता घालता सांगितलं होतं आणि पुन्हा कधी काढलं नव्हतं.

तिला डोहाळे लागले होते ते कडव्या वालांच्या बिरड्याचे. चिंच नको, कैरी नको, बिरडं हवं. जवळचं भारतीय दुकान एकशे दहा किलोमीटरवर. तिथे मिळायचे ते मोठे, पांढरे, गोडे वाल. पोस्टाने मागवावे तर वालांइतकाच खर्च टपालाचा.

अशा कामात माझी थोडी ख्याती झाली होती. माझ्याकडे एक वही होती. देशी नाव, इकडचं नाव, कुठलं दुकान, किलोचा भाव. तुर्की दुकानातला जाड बुलगुर म्हणजे लापशीचा रवा. व्हिएतनामी बाईंकडचे सोललेले मूग म्हणजे आपली मुगाची डाळ, निम्म्या किमतीत. आफ्रिकी दुकानातला याम सुरणाच्या जागी चालतो. अशा तेवीस नोंदी होत्या. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, ‘नाव वेगळं, वस्तू तीच.’

चोविसावी नोंद स्टेशनामागच्या मन्सूर नावाच्या म्हाताऱ्या इजिप्शियन दुकानदाराकडची. त्याच्याकडे पोती उघडी असायची आणि पोत्यांवर नुसता भाव. कोपऱ्यातल्या पोत्यात सायीच्या रंगाचे, चपटे, गोलसर दाणे होते. मी विचारून एक दाताखाली धरला. असा स्वच्छ कडवटपणा जिभेवर उतरला की मला रोह्याचं स्वयंपाकघर दिसलं. अर्धा किलो घेतले. पिशवी हातात देताना म्हातारा बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. मी मान डोलावली, आभार मानले आणि जवळजवळ पळतच घरी आले.

रविवारी आम्ही दोघी सोलायला बसलो. ही बिरड्यातली खरी मजा. दाणा चिमटीत दाबला की सालातून बाहेर उडी मारतो.

“सटकतायत छान,” नूपुरताई म्हणाली. “माझी सासू म्हणते, वाल सोलताना ज्याचं नाव निघेल त्याला उचकी लागते.”

“मग दादाचं नाव काढ.”

“तो यंत्रांच्या प्रदर्शनात प्रेझेंटेशन देतोय. उचक्या लागल्या तर नोकरी जाईल.” मग एकदम थांबून तिने माझा हात पोटावर ठेवला. “बघ, बघ. वासाने जागं झालं.”

हाताखाली काहीतरी टणक, गोल सरकलं आणि थांबलं.

नऊ दाणे टाकून दोनशे पाच फोडणीत पडले. हिंग, हळद, डब्यातलं नारळाचं दूध, तिने नागावहून जपून आणलेली आमसुलं आणि बराच गूळ. वाल लवकर शिजतात, जरा जास्त ढवळले तर मोडतात. हे पाऊण तास शिजले तरी एकही मोडला नाही. “गुणी आहेत,” ती म्हणाली.

पावणेएकला आम्ही जेवलो. ती पहिला घास घेऊन डोळे मिटून बसली. “नागावपेक्षा कडू,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने दोनदा वाढून घेतलं. मी एकदा घेतलं. उरलेलं तिने स्टीलच्या डब्यात भरलं. “कौस्तुभला. संध्याकाळी येईल तो गाडीतलं सँडविच खाऊन.”

दोनच्या सुमारास ती तिसऱ्यांदा पाणी प्यायला उठली. “घसा नुसता कोरडा पडलाय गं. जीभ टाळ्याला चिकटतेय.” पाचेक मिनिटांनी तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “मृणू, मला अक्षरं दिसत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे दिसत नाहीत!” ती उभी राहिली आणि टेबलाला धरून खाली बसली. “छाती बघ कशी धडधडतेय. माझं डोकं… अगं, दुसऱ्या वेळेलाही असंच… आधी डोळेच…”

तिचा चेहरा इतका लाल मी कधी पाहिला नव्हता. मी रुग्णवाहिकेला फोन करून पत्ता दोनदा सांगितला.

निघताना दारात थांबून ती म्हणाली, “डबा घे. कौस्तुभ थेट दवाखान्यातच येईल. उपाशी असेल.”

मी डबा पिशवीत टाकला.

प्रसूती विभागात लेम्के नावाच्या एक वयस्कर सुईणबाई होत्या. त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या, म्हणजे मला समजावं. “काय सुंदर डोळे आहेत तुमचे. काळेभोर,” असं म्हणतच त्यांनी नूपुरताईच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब एकशे शेहेचाळीसवर चौऱ्याण्णव. नाडी एकशे बावीस. डोकेदुखी. दिसायला अंधुक. आधीचे दोन गर्भ गेलेले. हे सगळं त्यांनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता त्यांचं हसू मावळलं.

“लघवीचा नमुना हवा.”

नूपुरताई दोनदा जाऊन आली. “होतच नाहीये,” ती मला मराठीत म्हणाली. “लागलीये, पण होत नाहीये. सांग त्यांना.”

पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके मोजायचं यंत्र लावलं. यंत्रातून घोडा दौडत गेल्यासारखा आवाज येऊ लागला. आकडा एकशे बहात्तरवर होता.

“किती असायला हवा?” मी विचारलं.

“एकशे साठच्या आत,” लेम्केबाई म्हणाल्या. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, “डॉक्टर प्रसूतीत अडकल्यात, येतीलच. गरोदरपणातला रक्तदाब असावा असं वाटतंय. अजून वाढला तर बाळ आजच बाहेर काढावं लागेल. त्याच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायची तयारी करते. तुम्ही नातेवाईक आहात का? हा फॉर्म भराल?”

कौस्तुभदादाला फोन लावला. तो गाडीत चढत होता. “एकतीस आठवड्यांत?” तो म्हणाला. “मृणू, त्यांना सांग थांबायला. सांग ना, मी येतोय, चार तासांत येतोय.” त्याच्या मागे स्टेशनावरची घोषणा ऐकू येत होती.

मी फॉर्म घेऊन बसले. ओळींच्या जागी करड्या पट्ट्या होत्या. डोळे पुसले. पट्ट्याच होत्या. भीतीने होत असेल, रडू येतंय म्हणून होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तोंड कोरडं पडलं होतं. तेही भीतीनेच. वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदाचा बारीक काटा मला अगदी स्पष्ट दिसत होता. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं.

पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. पट्ट्या.

रडल्याने जवळचं आणि लांबचं दोन्ही धूसर व्हायला हवं.

मी स्वच्छतागृहात गेले. प्रयोगशाळेतली पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी कायम माझ्या पिशवीत असायची. ती डोळ्याखाली धरून मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून हात लांब ताणून पाहिला. बुबुळाचा तपकिरी रंग जेमतेम एक कडा होऊन उरला होता. मधली काळी बाहुली आठ मिलिमीटर. मोबाइलचा दिवा सरळ डोळ्यात मारला, दहा आकडे मोजले, पुन्हा फोटो काढला. आठ मिलिमीटर.

सुंदर डोळे. काळेभोर.

मी खोलीत परतले तेव्हा डॉक्टर आल्या होत्या. केस वर बांधलेली, माझ्याहून फार मोठी नसलेली बाई. नूपुरताईच्या हातात सुई टोचलेली होती आणि लेम्केबाई रक्तदाबाच्या औषधाची पिशवी टांगत होत्या. आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

“मलाही तेच होतंय,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. “तुम्ही गरोदर आहात?”

“नाही. म्हणूनच सांगतेय.”

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, खिशातली छोटी विजेरी काढून माझ्या डोळ्यांत मारली, मग नूपुरताईच्या. लेम्केबाईंना त्या घाईघाईने काहीतरी म्हणाल्या आणि पिशवी टांगणारा हात थांबला.

“दुपारी काय खाल्लंत?”

मी डबा काढला. झाकण उघडताच खोलीभर हिंगाचा आणि नारळाचा वास पसरला. “आमच्याकडे असे कडू दाणे असतात,” मी म्हटलं. “म्हणजे हे तसे दिसणारे आहेत. इथेच घेतले.”

“विकणाऱ्याने काही सांगितलं होतं?”

नूपुरताई माझ्याकडे बघत होती. तिला जर्मन माझ्याहून चांगलं यायचं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मन्सूरचं जर्मन मोडकं होतं, माझंही मोडकं होतं. कळलं नाही म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती.

पण जर्मनमध्ये मी आकडे सगळ्यात आधी शिकले होते. शिवाय म्हाताऱ्याने बोटंही दाखवली होती, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन.

“सात दिवस भिजवायचे म्हणाला,” मी सांगितलं. “रोज पाणी बदलायचं. दाणा कडू लागायचा थांबेपर्यंत खायचा नाही.”

“आणि तुम्ही किती दिवस भिजवले?”

“दोन.”

“का?”

मला उत्तर येत होतं, पण ते जर्मनमध्ये सांगता आलं नाही. मी नूपुरताईकडे वळून मराठीत म्हटलं, “मला वाटलं, वाल कसे भिजवायचे ते हा आपल्याला काय शिकवणार.”

घोडा दौडत होता. मग तिने मान भिंतीकडे वळवली. “कौस्तुभला तो डबा देऊ नकोस,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्राला फोन लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा केला. पलीकडचा माणूस शांतपणे प्रश्न विचारत गेला. रंग? आकार? कडेला रेघ आहे? शिजल्यावर मऊ झाले? साल सहज सुटतं? मग म्हणाला, “ल्युपिन. कडू जातीचे. भूमध्य समुद्राच्या काठावरचे लोक आठवडाभर पाण्यात ठेवून खातात, शेंगदाण्यासारखे. पाण्यात विष उतरतं. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, लघवी अडते, नाडी वाढते. सगळं जुळतंय. किती खाल्ले?”

“साधारण एक…” डॉक्टर म्हणाल्या.

“थांबा,” मी म्हटलं.

लेम्केबाईंनी स्टीलचा ट्रे दिला. मी डबा त्यात उलटा केला आणि चमच्याने दाणे बाजूला सारत मोजू लागले. जवळचं दिसत नव्हतं, म्हणून चमचा लेम्केबाईंनी घेतला. त्या दाणे सारत होत्या आणि मी ट्रे लांब धरून त्यांच्याबरोबर आकडे म्हणत होते, त्या जर्मनमध्ये, मी मराठीत. सहासष्ट. दोनशे पाचातून सहासष्ट वजा. एकशे एकोणचाळीस. मी एकदाच वाढून घेतलं होतं, ती दोनदा. आणि तिचा वाडगा माझ्याहून जरा मोठा.

“तिने साधारण चौऱ्याण्णव. मी पंचेचाळीस,” मी सांगितलं. “भिजवण्याआधी वाटीभर दाण्यांचं वजन पंच्याण्णव ग्रॅम होतं. दोनशे चौदा दाण्यांचं. म्हणजे तिच्या पोटात बेचाळीस ग्रॅम सुके दाणे. दोन दिवसांत पाणी एकदाच बदललं. ते पिवळट होतं, फेस होता.”

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

“हे सगळं तुम्ही का मोजलंत?” माणसाने विचारलं.

“सवय आहे.”

“चांगली सवय आहे.” मग तो डॉक्टरांशी बोलू लागला. कोळशाचं औषध द्या. लघवी नळीने काढा. रक्तदाबाचं औषध थांबवा. चोवीस तास लक्ष ठेवा. आईच्या जिवाला धोका कमी.

“आणि बाळ?” नूपुरताई एकदम मोठ्याने म्हणाली. “बाळाचं काय?”

“गर्भावर होणाऱ्या परिणामाची पुरेशी नोंद आमच्याकडे नाही,” तो म्हणाला.

चार वर्षं मी असं वाक्य वाचत आले होते. शोधनिबंधांच्या शेवटी असतं ते. ते वाचून पान उलटायचं असतं. त्या दिवशी ते एका खोलीत, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं. लेम्केबाईंनी मला शेजारच्या पलंगावर बसवलं आणि माझ्याही दंडाला पट्टा बांधला.

“बाहेर काढायचं की आत ठेवायचं?” नूपुरताईने विचारलं.

“आता लगेच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आतच त्याची फुप्फुसं सुरक्षित आहेत. पण ठोके एकशे नव्वदच्या वर जाऊन तिथेच राहिले, तर मला थांबता येणार नाही.”

पावणेपाचला आकडा एकशे त्र्याऐंशी होता. सव्वापाचला एकशे सत्याऐंशी. मी माझ्या पलंगावरून तो वाचत होते. लांबचं असल्यामुळे मला स्पष्ट दिसत होता. नूपुरताईलाही दिसत असणार, पण ती डोळे घट्ट मिटून पडली होती. साडेपाचला पुन्हा एकशे सत्याऐंशी. डॉक्टर दारात उभ्या राहिल्या, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

“मृणू,” नूपुरताई डोळे न उघडता म्हणाली.

“हं.”

“आकडा सांगत राहा. काहीही असला तरी.”

मी सांगत राहिले. एकशे सत्याऐंशी. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. सात वाजता कौस्तुभदादा धावत आला, दारात थबकला, आमच्या दोघींच्या मध्ये उभा राहून कोणाकडे बघावं ते त्याला कळेना. मी त्याला काही सांगायला तोंड उघडलं, तर नूपुरताई म्हणाली, “तू थांबू नकोस. आकडा.”

“एकशे एक्याऐंशी,” मी म्हटलं.

रात्रभरातलं मला आकड्यांखेरीज फार आठवत नाही. माझा घसा बसला तेव्हा कौस्तुभदादा सांगू लागला, तो थांबला तेव्हा पुन्हा मी.

सकाळी सातला लेम्केबाईंची पाळी पुन्हा सुरू झाली. त्यांनी पडदा सरकवला, खिडकीतून पांढरं ऊन आत आलं. त्यांनी माझी स्टीलची पट्टी मागून घेतली आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांखाली धरून मोजमाप कागदावर लिहिलं. मग नूपुरताईच्या पोटावरचा पट्टा सारखा करून यंत्राकडे पाहिलं. पट्टी मला परत देताना त्यांनी तो कागदही दिला. मी तो हात लांब न करता वाचला.

माझी बाहुली, उजेडात, साडेचार मिलिमीटर. नूपुर गुप्ते, चार. बाळाचे ठोके, मिनिटाला एकशे बेचाळीस.